कॅलेंडर आणि देवयानी

“आमटीत मीठ कमी आहे,” अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगितलं.

कॅलेंडर काही बोललं नाही. त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, पळी घेऊन मी उभी होते. आमटी मी केली होती, मीठ मी घातलं होतं, तेव्हा तक्रार ऐकायचा मान माझा होता. पण अण्णांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे, कार्तिक महिन्याच्या पानावर.

“मीठ वाढू का?” मी विचारलं.

“राहू दे,” ते अमावास्येच्या आसपास कुठेतरी बघत म्हणाले. “चालतंय.”

मी पदर खोचला, आत गेले आणि कढईवर झाकण असं आपटलं की माडीवरचं मांजर उठून गेलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. आजऱ्यात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. उभा जन्म खोखोचे पंच म्हणून काढलेला. कुणाचा पाय मधल्या पाटीवर पडला, कुणी टोकाच्या खुंटाला हात न लावताच वळसा घेतला, हे त्यांना म्हणे पाठमोरं उभं राहूनसुद्धा दिसायचं. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्यांनी पंचगिरी सोडलेली होती. शेवटच्या सामन्यात त्यांनी एका पोराला बाद दिलं, गर्दीतून कुणी तरी ओरडलं, “पंच आंधळा!” आणि अण्णांनी शिट्टी खिशात टाकली, मैदानातून बाहेर पडले ते पडलेच. अपमान झाला म्हणून सोडलं, असं गाव म्हणायचं. शिट्टी देवघराच्या खिळ्याला लटकत होती. तिला कुणी हात लावायचा नाही.

सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात तिघंच, अण्णा, श्रीधर आणि मी. श्रीधर गडहिंग्लजला दूध संघात नोकरीला, सकाळच्या एस.टी.ने जायचा तो दिवेलागणीला परत. मी इथल्या हायस्कुलात शिकवायचे, शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. म्हणजे दिवसातला बराच वेळ घरात मी आणि अण्णा. आणि अण्णा कॅलेंडरशी बोलणार.

आमचं लग्न आम्हीच ठरवलेलं. मी सांगलीची, जात वेगळी, घरची रीत वेगळी. श्रीधरने घरी सांगितलं तेव्हा अण्णा नुसतं “बरं” म्हणाले होते. हा ‘बरं’ मी तेव्हा आनंदाने उचलून घेतला होता. पुढे पुढे मात्र तो मला टोचायला लागला. ज्याला पटलेलं नसतं तोच एका शब्दात आटपतो, असं माझं पक्कं झालं. नाहीतर घरात आलेल्या सुनेच्या तोंडाकडे माणूस एकदाही बघत नाही, हे काय?

त्या संध्याकाळी श्रीधर आला तशी मी त्याला खोलीतच गाठलं. खोलीत तो ‘श्रीधर’, खोलीबाहेर ‘अहो’, असा आमचा करार होता.

“श्रीधर, तुझे वडील माझ्याशी बोलतात की कॅलेंडरशी?”

“अगं, त्यांचा स्वभावच तसा आहे.”

“स्वभाव? अरे, चोराकडे तरी माणूस तोंड वर करून बघतो.”

“हल्ली ते सगळ्यांशीच असे वागतात. बाजारात पण लोक म्हणतात, अण्णा मोठे झाले, ओळख देत नाहीत.”

“लोकांचं लोक बघतील. लोकांना काय त्यांच्या घरात आमटी करायची आहे? हे बघ, मी शेवटचं सांगते. अण्णांनी एकदा, फक्त एकदा, माझ्या तोंडाकडे बघून एक वाक्य बोलावं. शिवी दिली तरी चालेल. नाहीतर नव्या वर्षाला आपण गडहिंग्लजला खोली घ्यायची. मी शाळेला तिकडून येईन.”

श्रीधरचा चेहरा उतरला. एकुलता एक मुलगा, आई नाही, आणि अण्णांना एकटं टाकून जायचं. पण तोही जाणून होता की मी नुसतं बोलणाऱ्यातली नाही.

“मी बोलतो त्यांच्याशी,” तो म्हणाला. “थोडे दिवस दे.”

“दिले. कार्यक्रम होऊन जाऊ दे आधी.”

कार्यक्रम म्हणजे शाळेचं आकाशदर्शन. आमच्याकडे विज्ञानाला हत्तरगीसर होते, निपाणीकडचे. त्यांनी स्वतः काच घासून घासून आरसा बनवला होता आणि पाइपात बसवून दुर्बीण केली होती. बोअरला घालतात तो जाडा पाइप. त्यातून देवयानी दाखवायची, असं आमचं ठरलं. देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेची शेजारीण, आपल्यासारखीच एक सर्पिल दीर्घिका. सरांनी मला पुस्तकातलं तिचं छायाचित्र दाखवलं होतं आणि मी खुळावले होते. मधे झगझगीत गाभा, भोवती वळत गेलेले प्रकाशाचे फाटे. मग काय, वर्गावर्गात जाऊन मीच जाहिरात केली. “पोरींनो, आकाशात भुईचक्र बघायचंय ना? मग अमावास्येला संध्याकाळी खोखोच्या मैदानावर या!”

मी स्वतः ती तोवर कधी पाहिलेली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

खोखोचं मैदान गावाबाहेर, डोंगराच्या अंगाला. तिथे अंधार चांगला. पण ते मैदान म्हणजे अण्णांचा जीव. त्यांनीच रोलर फिरवून फिरवून ते तयार केलेलं.

“मैदानात काही ठोकणार नाही ना?” अण्णांनी कॅलेंडरला विचारलं.

“नाही, अण्णा,” कॅलेंडरच्या वतीने मी म्हटलं. “दुर्बिणीला तिपाई आहे.”

“तिपाईचे पाय टोकदार असतात. मी येतो.”

झालं. आधीच मला धास्ती, त्यात परीक्षक घरून घेऊन जायचा.

अमावास्येच्या संध्याकाळी पोरीबाळी, त्यांचे आईबाप, रस्त्याने चाललेले दोघे-चौघे, सगळे मैदानावर जमले. वायरमनला गळ घालून कोपऱ्यावरचा दिवा घालवला होता. थंडी मरणाची. अण्णा कानटोपी घालून आले, तिपाईचे पाय हाताने चाचपून बघितले, खाली पोत्याची घडी सरकवून घेतली आणि खुंटाजवळच्या खुर्चीवर बसले. श्रीधर एस.टी.तून उतरून थेट तिथेच आला.

पहिला मान मुख्याध्यापकांचा. पोतदारसर वाकले, डोळा लावला, आणि म्हणाले, “वा! अप्रतिम! काय ते तेज!”

“सर,” हत्तरगीसर हळूच म्हणाले, “झाकण काढायचं राहिलंय की ओ.”

असा पिकला म्हणता हशा! पोतदारसरही हसले, काय करतात. झाकण निघालं. मग पोरींची रांग लागली आणि माझं हसू मावळायला लागलं.

“बाई, हे काय? काचेवर वाफ आलीय.”

“बाई, कापसाचा बोळा आहे.”

“बाई, तुमचं भुईचक्र विझलं वाटतं.”

मी डोळा लावला. खरंच की. एक पुसट, राखाडी डाग. फाटे नाहीत, गाभा नाही, झगझगाट तर नाहीच. मी हत्तरगीसरांकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरले.

“बाई, छायाचित्राला तासन् तास प्रकाश साठवून घेता येतो. डोळ्याला कुठं येतोय? जे दिसतंय ते हेच. पण ऐका तरी. हा जो डाग आहे ना, त्याचा उजेड तिथून निघून वीस-पंचवीस लाख वर्षं झाली. तेव्हा माणूस पण नव्हता नीट झालेला.”

“वीस लाख वर्षं चालून आला आणि एवढाच पोचला?” मागून कुणाची तरी आई म्हणाली.

लोक पांगायच्या बेतात आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या गावाला मी बोलावलेलं, आणि अण्णा तिथे बसून ऐकत होते. उद्या जेवताना कॅलेंडरला काय काय सांगतील, ते माझ्या कानात आत्ताच वाजायला लागलं.

“थांबा, थांबा!” हत्तरगीसर ओरडले. “दुर्बीण सोडा. देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते. आणि नुसत्या डोळ्यांनी याहून लांबचं माणसाला सहसा काही दिसत नाही बघा. वर बघा. तो चार ताऱ्यांचा मोठा चौकोन. त्याच्या वरच्या कोपऱ्यातून निघायचं, दोन तारे सरळ जायचं, मग एकदम वळायचं, आणि दोन बारके तारे मोजायचे. तिथं शेजारीच.”

“खुंटाला वळसा घातल्यागत!” एक पोरगी म्हणाली.

“हां, तसंच. आता रोखून बघा.”

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या आणि रोखून बघितलं. डोळ्यांत पाणी येईतो बघितलं.

“नाही दिसत.”

“मला पण नाही.”

“तिथं काळंच आहे नुसतं.”

मला तरी कुठे दिसत होतं! दोन बारके तारे सापडले, शेजारी मिट्ट. मी हताश होऊन खाली बघितलं तर समोर अण्णा. सगळं मैदान उत्तरेकडे मान वर करून उभं, आणि अण्णांची मान भलतीकडे, पाण्याच्या टाकीच्या वरच्या आभाळाकडे. मनात म्हटलं, धन्य आहे. यांना देवयानीच्यासुद्धा तोंडाकडे बघायचं नाही.

तेवढ्यात ते म्हणाले, “आहे की.”

“काय आहे, अण्णा?” श्रीधरने विचारलं.

“ती आहे की तिथं. केव्हाची दिसतेय. लांबट आहे, जरा तिरकी. ओल्या बोटानं भिंतीवर पुसल्यासारखी.”

दोन-चार जण हसले. अण्णांनी हात वर केला. तोंड टाकीकडेच आणि बोट आकाशात. हत्तरगीसर त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले, वाकले, त्या बोटाच्या रेषेत डोळा लावून बघितलं.

“अरे देवा!” ते म्हणाले. “नेमकं! अहो, अगदी नेमकं! चुकलो मीच. रोखून बघा म्हणालो. सगळ्यांनी इकडं या, अण्णांसारखं बघायचं. अंधारात आपल्या डोळ्याच्या मधल्या भागाला मंद गोष्ट दिसत नाही, कडेला दिसते. थेट बघितलं की ती जाते. म्हणून नजर शेजारी ठेवायची. नजर शेजारी, लक्ष तिच्यावर!”

पोरींनी माना तिरक्या केल्या. मग एक किंचाळली, “दिसली!” मग दुसरी. मग त्या मगाचच्या आईबाई, “अगं बाई, खरंच गं!” मैदानावर नुसता गलका झाला. पोतदारसरसुद्धा “दिसली, दिसली” म्हणत होते, आणि या वेळी मला वाटतं ते खरं होतं.

मीही नजर शेजारच्या ताऱ्यावर ठेवली. आणि कडेला, हळूच, ती आली. मऊ, लांबट उजेड. किती छान होती! मी हरखून तिच्याकडे वळले तर गेली. पुन्हा नजर बाजूला घेतली, पुन्हा आली. वळले, गेली. बाजूला, आली.

“अण्णा, हे कुठं शिकला तुम्ही?” हत्तरगीसरांनी विचारलं.

“त्यात शिकायचं काय,” अण्णा म्हणाले. “मी असाच बघतो.”

एवढं बोलून ते एकदम थांबले. कानटोपी खाली ओढली.

हत्तरगीसरांना पोरींनी घेरलं, त्यांच्या काही ध्यानात आलं नाही. माझ्या मात्र आलं. मी असाच बघतो. बाजारात न दिली जाणारी ओळख. “हल्लीच्या बातम्या वाचायच्या लायकीच्या नसतात, तूच वाच” म्हणून रोज माझ्याकडे सरकवलेला पेपर. आणि ते कॅलेंडर. मी त्या खुर्चीकडे बघत थंडीत तशीच उभी राहिले.

दुर्बीण रिक्षात घालायला श्रीधर मागे थांबला. मी आणि अण्णा घराकडे निघालो. बॅटरी माझ्या हातात, ते माझ्या शेजारी, पाऊल कुठेही चुकत नव्हतं. चालायला त्यांना काहीच अडत नव्हतं, म्हणून तर कुणाला कळलं नव्हतं.

“अण्णा,” मी म्हटलं, “एक विचारू? खरं सांगाल?”

“पंच होतो मी. खोटं कधी सांगितलं नाही.”

“माझ्याकडे थेट बघितलं तर तुम्हाला काय दिसतं?”

ते चालत राहिले. ओढ्यावरची फरशी आली, गेली.

“भोक,” ते म्हणाले. “मधे नुसतं काळं भोक. तोंडच जातं माणसाचं. कोण आहे ते कळत नाही.”

“आणि कॅलेंडरकडे बघितलं की?”

“मग तू येतेस,” अण्णा म्हणाले.

मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

“कधीपासून?”

“त्या सामन्याच्या आधीपासून. तो गर्दीतला ओरडला ना, पंच आंधळा, त्याचा मला राग नाही आला गं. खरंच बोलला होता तो. पोराचा हात लागला की नाही, मला दिसलंच नव्हतं. अंदाजाने बाद दिलं मी. अंदाजाने! आणि बाहेर सगळे म्हणतात, अण्णांचा अपमान झाला. म्हटलं म्हणू देत. आंधळा म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हटलेलं बरं.”

“तुमच्या मुलाला तरी सांगायचं होतंत.”

“नको. त्याला आत्ता काही सांगू नको. नोकरी सोडून माझं बोट धरून बसेल तो.”

“नाही सांगत. पण मिरजेला जायचं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे.”

“बघू.”

“बघू नाही. जायचं!”

“पदर खोचलास वाटतं,” अण्णा म्हणाले.

मी बॅटरी खाली केली. खोचला होता खरा.

“अंधारात कसं कळलं तुम्हाला?”

“आवाजावरून. तापलीस की खोचतेस. पहिल्या दिवसापासून बघतोय मी. लग्नात भटजींनी घाई केली तेव्हा पण खोचला होतास, शालूचा.”

मी खोचलेला पदर सोडला आणि बॅटरी पुन्हा वर केली.

मिरजेला आम्ही पुढे गेलो. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो परत यायचा नाही, पण कडा शाबूत आहेत, त्या राहतील. आणि राहिल्या, अण्णा असेपर्यंत. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवशीचं.

दुसऱ्या दिवशी रविवार, श्रीधर घरी. दुपारी मी पानं वाढली. अण्णा त्यांच्या पाटावर, श्रीधर शेजारी, आणि मी आमटीचं पातेलं घेऊन नेहमीच्या जागी, कॅलेंडरपासून हातभर. श्रीधर सारखा अण्णांना कोपराने ढोसत होता. माझ्या लक्षात आलं, सकाळी मी विहिरीवर गेले तेव्हा यानं वडिलांशी ते बोलणं उरकून घेतलंय. माझी अट, नवं वर्ष, गडहिंग्लजची खोली, सगळं.

अण्णांनी भुरका मारला. पान नीट केलं. मग मान वर केली आणि सरळ, थेट, माझ्या तोंडाकडे बघितलं.

एवढ्या दिवसांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच समोरून बघत होते. पिंगट होते, श्रीधरसारखे. ते मोठे करून, न हलवता, त्यांनी माझ्यावर धरले होते.

“आमटी झकास झालीय हं, वैजू,” ते म्हणाले. “मीठ अगदी बेताचं.”

श्रीधरचा चेहरा असा उजळला म्हणता! भुवया उडवून तो मला खुणावत होता, बघ, बघितलं की नाही तोंडाकडे? झाली ना अट पुरी? आणि अण्णा तसेच बघत होते, मी जिथे नव्हते त्या काळ्या भोकात, मी घर सोडून जाऊ नये म्हणून. पापणीसुद्धा लववत नव्हते.

मी पातेलं खाली ठेवलं.

“अण्णा,” मी म्हटलं, “कॅलेंडरकडे बघा.”

“अगं, काय बोलतेस?” श्रीधर दचकला. “आता तर ते तुझ्याकडे...”

“तुम्ही गप्प बसा हो. अण्णा, मला कॅलेंडरकडे बघून सांगा. मीठ कसं आहे?”

अण्णांची मान हळूहळू वळली, माझ्या खांद्यावरून पलीकडे, खिळ्यावरच्या पानाकडे. ताणलेले डोळे सैल पडले.

“कमी आहे,” त्यांनी कॅलेंडरला सांगितलं. “आणि रडतेस कशाला?”